गुडघाभर पाण्यातल्या काकी

मी मालवणच्या किनाऱ्यावर गेलो तो तिथल्या शेतकऱ्यांना भात लावायला शिकवण्यासाठी. हे वाक्य आज लिहितानाही हात अडखळतो, कारण माझा जन्म माणदेशातला. आमच्याकडे भात खायचा तो लग्नात, तोही वाढप्याची मर्जी असली तर. पण पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत जपानी पद्धतीच्या भातशेतीचा मोठा गाजावाजा चालला होता आणि शेतकी खात्यात मी नवा मदतनीस लागलो होतो. तुम्हांला भातातलं काय कळतं, असं मला कुणी विचारलं नाही. नोकरी हवी होती, म्हणून मीही आपणहून बोललो नाही. कसालला मोटार बदलून मी त्या गावात उतरलो आणि पहिल्या आठवड्यातच गावाने माझं बारसं केलं. लहानथोर सगळे मला 'जपानी' म्हणू लागले.

जपानीला राहायला काकींच्या घराची पडवी मिळाली.

काकी साठीच्या घरातल्या. उंच, सडपातळ, रापलेल्या, आणि चालताना असा काही वेग की मागून येणाऱ्याला पळावं लागे. यजमान नारळ-सुपारीचे व्यापारी होते, ते बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. दोन्ही मुलगे मुंबईला. घरामागे माडांचं परडं, परड्याला लागून तळं. तळं म्हणजे तसं खाडीचंच पोर. एका बाजूला दगडी बांध फुटून चिंचोळं तोंड झालेलं, त्यातून भरतीचं पाणी आत यायचं आणि सुकतीला बाहेर जायचं. लांबून पाहिलं तर समुद्राची धाकटी बहीण वाटावी एवढं पसरलेलं, पण खोली कुठे गुडघ्याएवढी, कुठे कंबरेएवढी. खाली मात्र चिखल. त्या चिखलाची खोली कुणी मोजली नव्हती. ती पुढे मी मोजली.

या तळ्यात काकी रोज गरी टाकून उभ्या राहत. हे गावाला मुळीच पसंत नव्हतं. त्यांचं घराणं मासे विकत घेणारं, धरणारं नव्हे. दारावर मासळी घेऊन येणारी बाई तर तोंडावर म्हणायची, "काकी, तू मासे धरूक लागलंस तर मी काय माडार चढू?" काकी तिच्याकडून निमूटपणे बांगडे घ्यायच्या आणि ती वळली की काठी उचलायच्या. बरं, काकींना मासे धरता येत होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. दिवसभरात एखादं काळुंदर, एखादा शेवटा. कित्येक दिवस टोपली रिकामीच घरी यायची. पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते कधी कळत नसे. रिकामी टोपली त्या अशा दिमाखात विहिरीवर धुवायच्या की पाहणाऱ्याला वाटावं, मासळी आत्ताच वाटून संपली.

माझी आणि तळ्याची ओळख भांडणाने झाली. पहिल्याच सकाळी काकी काठी, टोपली आणि यजमानांची जुनी काळी छत्री घेऊन निघालेल्या दिसल्या. मी सभ्य माणूस. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून नमस्कार केला आणि विचारलं, "काकी, कुठे निघालात?"

काकी जागच्या जागी थांबल्या. टोपली खाली ठेवली.

"झाला! आता कसला जावचा नि कसला काय!"

आणि त्या परत घरात गेल्या. गरवायला निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नसतं, विचारलं की तो दिवस फुकट, हे मला शेजाऱ्यांनी नंतर समजावलं. काकी मग दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवण मात्र वाढलं, तेही सार जरा जास्तच तिखट करून.

दुसऱ्या दिवशी मी तोंड मिटून उभा राहिलो. त्याचा उलटाच परिणाम झाला. काकींनी माझ्याकडे नीट पाहिलं, टोपली माझ्या हातात दिली आणि 'चला' अशी मान हलवली. त्या दिवसापासून मी तळ्यावर नेमला गेलो. माझं काम टोपली आणि छत्री धरून उभं राहण्याचं. मला वाटायचं, काकींना माझी सोबत आवडते. पुढे कळलं, की कुडाच्या खांबासारखा न बोलता उभा राहणारा माणूस त्यांना गावात दुसरा मिळाला नव्हता. गावातल्या सगळ्यांना बोलायला काही ना काही असायचं. माझ्या डोक्यावर एकदा बगळा उतरायला आला तेव्हा काकींनी मला शाबासकी दिली.

काकींचे कायदे अनेक होते. घरात त्या मला 'तुमी' म्हणत, 'सायबांनू' म्हणत. पाण्यात पाय पडला की 'तू'. "हलू नको. बोलू नको. स्वास घी, पन हळू." पाण्याबाहेर आलं, की "सायबांनू, पाय धुवन घ्या, चा करतंय." मधल्या काळात झालेल्या अपमानाची त्यांना आठवणही नसे. सोमवारी त्या मासे खात नसत, म्हणून सोमवारी दोरीला गरीच लावत नसत. नुसती दोरी पाण्यात सोडून तेवढाच वेळ, तेवढ्याच निष्ठेने उभ्या राहत. मी एकदा म्हटलं, "काकी, मग आज घरीच थांबलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "उपास माझो. तळ्यान काय केल्यान?" पुढच्या सोमवारी मी न विचारता छत्री उचलली.

आणि लहान मासा लागला की त्याला फार बोलणी बसायची. गरी सोडवताना त्या त्याला डोळ्यांसमोर धरत. "इतकुसो जीव तुझो नि गरी गिळतंस? जा, बापाशीक धाडून दी." मग त्याला पाण्यात सोडत आणि खरोखरच थोडा वेळ त्याच जागी वाट पाहत. बाप काही येत नसे.

पुढे त्यांनी मलाही एक काठी करून दिली. त्या काठीने मी काय काय पकडलं ते सांगायला हरकत नाही. माझा सदरा, दोनदा. काकींची छत्री. खाडीतून वाहत आलेला एक तुटका पंखा. आणि एक भला मोठा खेकडा, पण त्याच्या बाबतीत कोणी कुणाला पकडलं यावर मतभेद होऊ शकतो. तो माझ्या अंगठ्याला लोंबकळत घरापर्यंत आला. सरकारी कामातही माझं यश याच जातीचं होतं. काकींच्याच भाताच्या एका कुणग्यात मी नमुन्याची लावणी केली. दोरी धरून, ओळीत, जपानी पद्धतीने. खेकड्यांनी ती रोपं ओळीनेच खाल्ली. गावकरी बांधावर उभे राहून म्हणाले, "सायबांचा शिस्तीत आसता सगळा."

असं आमचं बरं चाललं होतं. मग एका वैशाखात काकींचा थोरला मुलगा मुंबईहून आला.

तो गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क होता. स्थूल, गोरा, इस्त्रीची पँट, बोलणं मुंबईचं. आईशीसुद्धा तो शुद्ध मराठीत बोले आणि काकी त्याला मालवणीत उत्तर देत. दोघांच्या मध्ये मी बसलेला असलो की वाटे, कुठल्या तरी कोर्टात दुभाष्याची वाट पाहत बसलो आहे. माणूस वाईट नव्हता. आल्याआल्या त्याने आईचे पाय चेपले. पण तो एक ठरवूनच आला होता, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना त्याने ते काढलं.

"आई, आता तू मुंबईला चल. कायमची."

काकी सोलकढी वाढत होत्या. वाढत राहिल्या.

"तुला इथे कोण आहे? सून वाट बघते, नातवंडं वाट बघतात. आणि तू इथे कंबरेएवढ्या चिखलात उभी! आमच्या खोलीवर गाववाले येतात, मला विचारतात, तुझ्या आईला बाजारचे मासे मिळत नाहीत काय? मी काय सांगू त्यांना? उद्या पाय घसरला, पडलीस, तर तुला उचलायला कोण आहे?"

मी घास हातात धरून मान खाली घातली. उचलायला मी होतो. पण माझ्याकडे पाहून त्याला तसं वाटलं नसावं, आणि त्यात त्याचं चुकलं नव्हतं.

काकींनी सोलकढीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरा. उद्या भरतीक माझ्यावांगडा तळ्यार ये. पाणी फिरापर्यंत तू एक तरी मासो धरलंस, तर मी येतंय मुंबयक. नाय धरलंस, तर परत हो विषय काढूचो नाय."

मुलगा हसला. काय करणार, आईच होती. "ठीक आहे," म्हणाला.

पानं उचलताना काकी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तेच्यान काय जमाचा नाय. ल्हान आसताना तळ्यात पाय घालूक भियायचो तो." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना भांडी घासताना गुणगुणताना ऐकलं. पण हात नेहमीपेक्षा जोरात चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला पंचा गुंडाळून फुटक्या बांधावर बसला, तळ्याच्या तोंडाच्या अगदी जवळ. काकी कासोटा घट्ट करून पाण्यात उतरल्या. त्या स्वतः काठी न घेताच उभ्या होत्या. मी पंच. पाणी फिरलं की तसं मोठ्याने जाहीर करायचं, एवढंच माझं काम. चूक होऊ नये म्हणून मी माडाच्या झावळीची एक पात तोंडाशी पाण्यात सोडली होती, काठीला दोऱ्याने बांधून. पात आत वळलेली असेतो भरती. बाहेर वळली की सुकती. या कल्पनेचा मला फार अभिमान वाटत होता.

ऊन चढलं. मुलाच्या गरीवरचं आमिषाचं सुंगट कुणीतरी दोनदा खाऊन गेलं. त्याने तिसरं लावलं. तो घामाघूम झाला होता, पण उठत नव्हता. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की तो आता आईकडे बघत नाही, माझ्याकडे बघत नाही, दोरीकडे बघतो आहे. काकींच्याही ते लक्षात आलं असावं. त्या मान जराशी कलती करून त्याच्याकडे पाहत होत्या.

माझी पात सैल पडली. ती थांबली, डुलली, आणि बाहेरच्या अंगाला वळू लागली. हा क्षण माझा होता. मी बांधावर उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "फि..."

'फि' मी बांधावर म्हटलं आणि 'रलं' पाण्यात. शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सुटला आणि मी तोंडाच्या अगदी मधोमध, उघड्या तोंडाने आपटलो. त्याच वेळी मुलाच्या हातातली काठी वाकली.

पुढचं सगळं मी चिखलात मांड्यांपर्यंत रुतून पाहिलं. माझ्या अंगावरून एक मोठी चंदेरी पाठ सळसळत गेली. चोणक होता. माझ्या आपटण्याने बिथरून तो मुलाच्या गरीवर गेला, असं काकींचं पुढे कायम मत राहिलं. मुलाचं म्हणणं, त्याने आधीच गिळली होती. चोणकाला कुणी विचारलं नाही.

काठी कडकन मोडली. मुलाने दोरी हातात धरली. सुताची दोरी, तळव्यात कापत गेली. तो उभा राहिला, मागे ओढू लागला, आणि मासा पुढे. दोरी तुटणार हे मलासुद्धा कळत होतं. आणि मग तो हेडक्लार्क, आल्यापासून आईशी पुस्तकातलं बोलणारा, गळा काढून ओरडला,

"आये! आये गो, काय करू?"

काकींचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. ते मी पाहिलं. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, आणि गप्प उभं राहण्यात त्यांच्याइतकं तरबेज त्या खाडीकाठी कुणी नव्हतं. आणखी थोडा वेळ, की दोरी तुटली असती, घर राहिलं असतं, तळं राहिलं असतं.

"सोड!" काकी ओरडल्या. "सोड मेल्या दोरी, ओढू नको! पळान दे तेका! दमान दे!"

"तुटतली गो!"

"तुटाची नाय! माज्याकडे फिरव! हय, हय फिरव!"

त्या पाणी तुडवत निघाल्या. चिखलातून त्या कशा पळाल्या हे मला सांगता येणार नाही; मला तर पाय हलवता येत नव्हता. मुलगाही बांधावरून उडी टाकून पाण्यात उतरला, इस्त्रीची पँट, पंचा, सगळं घेऊन. दोघांनी त्या माशाला उथळात आणलं, काकींनी पदर सोडून त्याच्याखाली घातला आणि तान्ह्या मुलाला उचलावं तसा तो छातीशी धरून काठावर आणून टाकला. मुलगा त्याच्याभोवती नाचत होता. अक्षरशः नाचत होता. "आये, बघलंस? बघलंस मां?" आणि काकी धापा टाकत, हसत, त्याच्या कापलेल्या तळव्यावर ओल्या लुगड्याचा पदर दाबून धरत होत्या.

मग एकदम दोघांनाही पैज आठवली.

मुलगाच आधी बोलला. "आये, ह्या हिशोबात धरूचा नाय. तू मदत केलंस. नि पाणी फिरला होता... साहेब ओरडले ना?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. निकाल माझ्या हातात होता. पण पंच चिखलात होता, तोंडात अर्धं तळं होतं, आणि बोलण्यासाठी मी ते उघडलं तेव्हा त्यातून फक्त पाणी बाहेर आलं.

काकी म्हणाल्या, "तेंनी 'फि' म्हटल्यानी. पुढचा कोणी आयकूक नाय. दोरी तुझी, गरी तुझी, मासो तुझो." मग त्या उठल्या आणि लुगडं पिळू लागल्या. "सामान बांधूक व्हया."

पण लगेच जाणं झालं नाही, कारण मुलानेच रजा वाढवली. पावसाआधीची शेवटची आगबोट निघेपर्यंत तो रोज पहाटे उठून तळ्यावर जायचा. त्याला पुन्हा एकही मासा मिळाला नाही, पण तो जायचाच. काकी त्याच्या शेजारी उभ्या राहून त्याला शिव्या देत. माझी छत्री धरण्याची जागा गेली. शेवटी बोटीचा दिवस आला. काकींनी घराच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या, "तुळशीक पाणी घाला," म्हणाल्या, आणि मचव्यात चढताना मागे वळूनही पाहिलं नाही.

तो पावसाळा मी त्या घरात एकट्याने काढला. बोटी बंद, खाडी लाल, तळं बांधावरून वाहत होतं. मी तुळशीला पाणी घालायचो. भर पावसात त्याची गरज नव्हती हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तळ्यावर एकटाच जाऊन उभा राहायचो. मासळीवाली यायची, मला बघायची, दोन बांगडे जास्तीचे टाकायची. तिला दया आली होती.

त्या साली चतुर्थी उशिरा होती, म्हणून बोटी तिच्याआधी सुरू झाल्या. पहिल्या बोटीला चाकरमान्यांची ही गर्दी. मुलाची रजा मे महिन्यातच संपलेली, त्यामुळे तो आला नव्हता. पण शेजाऱ्यांबरोबर काकी येणार असा निरोप आला होता. मी घर झाडलं. कधी नव्हे ते सारवायचा प्रयत्न केला आणि माझ्या हातांचे ठसे कायमचे उमटवून ठेवले. यजमानांची जड आरामखुर्ची माळ्याखालून ओढून काढली, पुसली आणि खळ्यात मधोमध मांडली. एवढा प्रवास करून येणार, दमून येणार.

काकी आल्या. पायांत मुंबईच्या चपला, हातात बोचकं. वाटेवर जो तो विचारत होता, "चतुर्थीक इलंस गो काकी?" आणि त्या "होय, होय," म्हणत होत्या. रोडावल्या नव्हत्या, उलट जराशा भरल्या होत्या. पण चाल मंद झाली होती. मला त्यांच्यामागे पळावं लागलं नाही. मी त्यांच्या बरोबरीने चाललो, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

खळ्यात येऊन त्या उभ्या राहिल्या. मी विचारलं, "मुंबई कशी काय?"

"बरी आसा. सून सोन्यासारखी. नातवंडा कुशीत येवन निजत. कोणाक नाव ठेवचा नाय."

"मग?"

काकींनी बोचकं दुसऱ्या हातात घेतलं.

"थंय सगळी माका बस म्हणत," त्या म्हणाल्या. "भांडी घासूक गेलंय, सून म्हणता, बसा. नळार गेलंय, शेजारीण म्हणता, आजी तुमी बसा. झील कामावरसून येता, पयलो शब्द, आये बसलंस मां? बसलंय. अख्खो पावस बसलंय. मी आता परत जावचंय नाय, सायबांनू. इतक्यात कोणाक सांगू नकात. चतुर्थी होवंदे."

"मुलाला माहीत आहे?"

"बोटीत चडताना सांगितलंय. रडलो. मगे म्हणालो, तळ्याचा तोंड बुजाक देऊ नको, मे म्हयन्यात मी येतलंय."

त्यांनी बोचकं खाली ठेवलं आणि तेव्हा त्यांची नजर आरामखुर्चीवर गेली. मग माझ्यावर. माझ्या ओठांवर जे वाक्य मघापासून तयार होतं ते मी गिळलं.

"तुमी काय म्हणत होतात?" काकींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची उचलली. ती भलतीच जड होती आणि दारातून सरळ जाईना. तिरकी केली, उलटी केली, बोट चेमटून घेतलं. अखेर ती आत ढकलून, कमरेवर हात ठेवून मी बाहेर आलो, तेव्हा खळ्यात कुणी नव्हतं. तळ्याकडे उतरणाऱ्या पायरीशी मुंबईच्या चपला तेवढ्या होत्या. एक उलथी, एक सुलटी, घाईने काढलेल्या.